भावंडांच्या गमती कागदावर कशा उतरवाव्यात

घरात लहानपणाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "अरे, काय मजा यायची तेव्हा!" दुसरं वाक्य बहुतेक वेळा येतच नाही. सगळे हसतात, कुणीतरी "ते दिवसच वेगळे" म्हणतं आणि चहाचे कप उचलले जातात. मजा नेमकी कशात होती, कुणी काय केलं, कुणावर ढकललं, आजी त्यावर काय बोलली, हे सगळं आतच राहतं. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांतली बरीच माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.

हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे. घरातल्या भावंडांच्या, आजोळच्या सुट्ट्यांच्या, मार खाल्लेल्या आणि मार चुकवलेल्या गोष्टी विचारायच्या कशा, टिपायच्या कशा आणि पुढच्या मुलांना वाचताना हसू येईल अशा लिहायच्या कशा, याची पद्धत इथे दिली आहे. हे काम प्रत्येक घरात व्हावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लेखक असावं लागत नाही. थोडा धीर आणि बऱ्यापैकी कान असले की पुरे.

आधी हद्द ठरवा

"आमच्या घराण्याचा इतिहास" असं काही मनात असेल तर ते तूर्त बाजूला ठेवा. एक घर निवडा, त्या घरात वाढलेली किंवा सुट्टीत जमणारी एक फळी निवडा आणि साधारण दहा-पंधरा वर्षांचा काळ धरा. उदाहरणार्थ, "आईच्या माहेरचं घर, सगळी मामे-मावस भावंडं, मामाच्या लग्नापासून आजोबा जाईपर्यंत." एवढ्यात पुस्तक भरतं.

मग वहीत नावं लिहा. कागदोपत्री नाव, घरातलं नाव आणि कोण कोणाला काय हाक मारायचं, असे तीन रकाने करा. तिसरा रकाना महत्त्वाचा. एकाच माणसाला घरात अण्णा, सासुरवाडीला भाऊ आणि पुतण्यांमध्ये नानाकाका म्हणत असतील, तर पुढची पिढी ही तीन वेगवेगळी माणसं समजेल.

यादीत घराबाहेरचेही घ्या. शेजारच्या काकू, वाड्यातले बिऱ्हाडकरू, शेतावर येणाऱ्या मावशी, कोपऱ्यावरचे दुकानदार. मुलांचे उद्योग आईवडिलांना कळायच्या आत यांना कळलेले असत.

सुरुवात सगळ्यांत वयस्क माणसापासून करा, त्याला कारण सांगायला नको. पण दुसरा नंबर लावा तो कच्च्या लिंबाचा. खेळात ज्याच्यावर राज्य येत नव्हतं, ज्याला नुसतं "हो, तू पण आहेस" म्हणून बाजूला उभं केलं जायचं, त्या धाकट्या भावंडानं सगळं नीट पाहिलेलं असतं. मोठ्यांना आपापले पराक्रम आठवतात. पराक्रमाच्या आधी कोण घाबरलं होतं आणि नंतर कोण रडलं, ते धाकट्याला आठवतं.

घराचा नकाशा काढून घ्या

या कामात मला सगळ्यांत उपयोगी वाटलेली युक्ती हीच. प्रश्न विचारण्याआधी एक मोठा कोरा कागद आणि पेन्सिल समोर ठेवा आणि म्हणा, "मला घर काढून दाखवा. दार कुठे होतं?"

चित्रकला येत नाही म्हणतील, तर पेन्सिल तुम्ही धरा आणि ते सांगतील तशा रेघा ओढा. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, माळ्याचा जिना, न्हाणीघर, परसू, विहीर, गोठा. चाळीतलं घर असेल तर गॅलरी, मोरी, पिंप, जिन्याखालची जागा, सार्वजनिक नळ. फडताळ कुठल्या भिंतीत होतं, कोनाडा कुठे, खुंटीवर कोणाची टोपी, हे सांगताना माणूस त्या घरात परत शिरतो आणि गोष्टी आपोआप सुटतात. "इथे बंब होता" म्हटलं की लगेच दिवाळीची पहाट येते. पहिली आंघोळ कोणाची, उटणं डोळ्यांत गेलं म्हणून कोण कांगावा करायचं, नरकात जाशील म्हणून कोणाला उठवलं जायचं.

नकाशावर तीन गोष्टी मुद्दाम विचारा. पहिली, रात्री कोण कुठे झोपायचं. सुट्टीत माजघरात वळकट्या उलगडून एका ओळीत दहा-बारा पोरं झोपत. कडेची जागा कोणालाच नको असायची, आजीशेजारची सगळ्यांना हवी असायची. त्या रांगेचा क्रम विचारलात की घरातली दोस्ती-दुश्मनी सगळी कळते. दुसरी, खाऊचा डबा कुठे लपवला जायचा आणि तो कोणी शोधला. तिसरी, कोणत्या कोपऱ्यात एकट्यानं जायची भीती वाटायची. प्रत्येक घरात अशी एक जागा असते, आणि तिथे राहणाऱ्या भुताला बहुधा नावही असतं.

दोन भावंडांकडून वेगवेगळे नकाशे काढून घ्या. ते जुळणार नाहीत. एकाच्या नकाशात परसू अंगणाच्या दुप्पट मोठं असेल, कारण त्याचा सगळा दिवस तिथल्या पेरूवर गेला. दोन्ही कागद जपून ठेवा.

प्रश्न कसे विचारायचे

"लहानपणीची एखादी गमतीशीर आठवण सांगा ना" हा प्रश्न टाळा. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे समोरचा माणूस गोंधळतो आणि शंभरदा सांगितलेला एकच किस्सा पुन्हा सांगतो. प्रश्न लहान हवा, हाताला लागणारा हवा. वस्तू, जागा, खाणं, शिक्षा, भीती यांना चिकटलेला हवा. माझ्या अनुभवात कधी वाया न गेलेले काही प्रश्न देते.

मोठ्यांनी सांगितलेली कोणती थाप तुम्हाला खरी वाटायची? कलिंगडाची बी गिळली की पोटात वेल उगवतो, चिंचोका गिळला की झाड येतं, पोरं पळवणारा झोळीवाला बुवा दुपारी फिरतो. यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: मग तुम्ही काय केलंत? बी गिळल्यावर रात्रभर जागं राहून पोट चाचपणारी पोरं जवळजवळ प्रत्येक घरात सापडतात.

आरतीत आणि शुभंकरोतीत काय चुकीचं म्हणायचात? 'दीपक जोशी नमोस्तुते' म्हणणारी मुलं गावोगावी होती. 'फणिवरबंधना'ची 'फळीवर वंदना' पिढ्यान् पिढ्या चालू आहे. पण तुमच्या घरातलं कोण कोणत्या वयापर्यंत असं म्हणत होतं, आणि ते जोशी कोण असतील असं त्याला वाटत होतं, ही गोष्ट फक्त तुमच्या घराची आहे.

पाहुण्यांनी निघताना हातावर ठेवलेल्या पैशांचं काय व्हायचं? आधी "नको, नको" म्हणायचं, आईकडे पाहायचं, तिनं मान हलवली की घ्यायचं, नमस्कार करायचा. आणि पाहुणा कोपऱ्यावरून वळला की आई म्हणणार, "आण इकडे, मी जपून ठेवते." त्या पैशांचा पुढचा हिशेब भावंडं साठी उलटली तरी मागत असतात.

मार कशाबद्दल खाल्लात, आणि तो खरा कोणाच्या वाट्याचा होता? हा प्रश्न सगळी भावंडं एकत्र असताना विचारा. चाळीस वर्षांनी कबुलीजबाब निघतात.

पत्त्यांत रडीचा डाव कोण खेळायचं? गुलामचोर, बदाम सात, झब्बू, भिकार-सावकार, मेंढीकोट यांतलं काय चालायचं, ते विचारा आणि घरचे खास नियमही विचारा. जोकर हरवला म्हणून कोणत्या पत्त्यावर पेनानं खूण केली होती? पान लपवायची जागा कोणती? विटीदांडू, लगोरी, डबा ऐसपैस, सागरगोटे यांचंही तसंच. खेळाची माहिती कुठेही मिळेल. तुमच्या आत्यानं सागरगोटे फ्रॉकच्या घेरात कसे झेलले आणि त्यावरून किती भांडण झालं, ते मिळणार नाही.

प्रवासाचंही विचारा. एसटीच्या खिडकीतून रुमाल किंवा टोपी टाकून जागा कोण धरायचं, घाट लागला की कोणाला उलटी व्हायची, आवळासुपारीची पुडी कोणाकडे असायची, अर्धं तिकीट लागू नये म्हणून कोणाचं वय कमी सांगितलं जायचं. आणि कंडक्टरसमोर त्याच मुलानं मोठ्यानं "नाही, मी सातवं पुरं केलं" असं म्हटलं का?

एका माणसाकडे मुद्दाम वेगळं, एकटीकडे जा. ती म्हणजे थोरली बहीण. सुट्टीतली मजा सांगणारे बहुधा भाऊ असतात. ते विहिरीवर, आमराईत, ओढ्याला असायचे. थोरली त्या वेळी पाटावर बसून लाट्या करत असे, नाहीतर धाकट्याला कडेवर घेऊन फिरत असे. तिची सुट्टी निराळी होती आणि गमतीही निराळ्या होत्या, पण त्या कुणी विचारलेल्या नसतात. तसंच मामीला विचारा. वीस माणसांच्या भाकऱ्या थापताना तिला हसू कशाचं यायचं? मी ऐकलेल्या सगळ्यांत खुसखुशीत गोष्टी चुलीजवळच्या आहेत आणि त्या सांगणाऱ्या बायकांना आधी खात्री द्यावी लागली की हो, हेच ऐकायचं आहे.

बैठक आणि ध्वनिमुद्रण

वेळ दुपारच्या चहानंतरची निवडा. जेवणानंतर वयस्क माणसं पेंगतात, रात्री थकतात. एका बैठकीला पाऊण तास, फार तर तास. ऐकू कमी येत असेल तर ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा. हाताला काहीतरी काम द्या, मेथी निवडणं किंवा वाती वळणं. हात चालू असले की बोलणं मोकळं होतं आणि समोर ठेवलेल्या फोनकडे लक्ष जात नाही.

रेकॉर्डिंग करतो आहोत हे आधी सांगा आणि परवानगी घ्या. चोरून केलेलं रेकॉर्डिंग घरातल्या माणसाचं असलं तरी नको. फोन फ्लाइट मोडवर टाका म्हणजे मध्येच कॉल येणार नाही. तो टेबलावर नुसता ठेवू नका, खाली घडी घातलेला टॉवेल घ्या, नाहीतर कप ठेवल्याचा प्रत्येक आवाज त्यात येतो. अंतर हातभर. पंखा बंद किंवा अगदी मंद, कुकर उतरवलेला, टीव्ही बंद. सुरू केल्यावर पहिल्यांदा तुम्ही स्वतः तारीख, गाव आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्यानं बोला. पुढे फाइलचं नाव बदललं, हरवलं, तरी आवाजातच ओळख राहते. साधारण दर्जाची एमपीथ्री फाइल मिनिटाला १ एमबीच्या आसपास जागा घेते, म्हणजे तासाला ६० एमबी. जागेची चिंता करून मध्येच थांबवू नका.

सगळ्यांत कठीण भाग म्हणजे गप्प बसणं. समोरचा थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते, "आणि मग काय झालं माहितीये का..." अशी. चूक वाटली तरी मध्ये दुरुस्त करू नका. "नाही हो आजी, तो मामा नव्हता, काका होते" असं दोनदा झालं की आजी तुमच्याकडे बघून, तुम्हाला विचारून बोलायला लागते. मग आठवण तिची राहत नाही.

एकदा एकेकट्याशी बोलून झालं की भावंडांना एकत्र बसवा. इथे आवाज एकमेकांत मिसळतील, अर्धं कळणार नाही, तरी चालेल. "तू नव्हतासच तिथे!" हे वाक्य आलं की बैठक रंगली असं समजा. जिथे मतभेद झाले तिथे वहीत खूण करा. निकाल लावू नका.

काळ जुळवणे

घरच्या आठवणींना तारीख नसते. "मी तिसरीत असेन," "बाळूची मुंज व्हायची होती," असं मोजमाप असतं. ते तसंच लिहून घ्या आणि नंतर मोठ्या घटनांशी जोडा. महाराष्ट्रातल्या घरांना उपयोगी पडतील अशा काही खुणा इथे आहेत.

आण्यांचा हिशेब असेल तर तो बहुधा जुना काळ. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. 'नवा' हा शब्द १ जून १९६४ ला गेला. मात्र चाराणे-आठाणे हे शब्द बोलण्यात पुढे कितीतरी वर्षं राहिले, तेव्हा नुसत्या शब्दावरून वर्ष ठरवू नका. नाणं कसं दिसायचं ते विचारा.

पुण्यातल्या घरांसाठी १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. सातारा-कराड-पाटणकडच्यांसाठी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. तेव्हा घरात झोपायची धास्ती वाटून माणसं भर थंडीत अंगणात, मांडवाखाली झोपत होती. मोठ्यांची ती काळजी आणि मुलांची रोज रात्री बाहेर झोपायला मिळाल्याची चंगळ या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी घडत होत्या. दोन्ही लिहा, पण आधी काळजीचं ऐकून घ्या. कुणाचं माणूस गेलं असेल तर गमतीचा विषय तिथे काढू नये.

१९७२ चा दुष्काळ मुलांना सुकडीवरून, म्हणजे तेव्हा वाटल्या जाणाऱ्या कोरड्या पौष्टिक खाऊवरून, आणि लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीवरून आठवतो. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यामुळे "शेजाऱ्यांच्या खिडकीतून टीव्ही पाहायचो" ही मुंबईकडची आठवण त्यानंतरची. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा पृथ्वीवर पडणार म्हणून धाकधूक होती. ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. पण तोवर आपल्याच कौलांवर पडेल म्हणून पलंगाखाली लपलेली किंवा साठवलेला खाऊ आधीच संपवून टाकलेली मुलं तुम्हाला नक्की भेटतील. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण आणि २४ ऑक्टोबर १९९५ चं, ऐन दिवाळीतलं, ही दोन्ही चांगली ओळखू येतात. २५ जून १९८३ ची, भारतानं विश्वचषक जिंकला ती रात्र क्रिकेटवाल्या घरात कुणी विसरत नाही. रविवारी सकाळी रामायण मालिका लागायची तो काळ जानेवारी १९८७ ते जुलै १९८८. आणि गणपती दूध पितो म्हणून वाटी-चमचा घेऊन सगळे धावले तो दिवस २१ सप्टेंबर १९९५.

शाळेचीही खूण असते. कुणी "अकरावी मॅट्रिक" म्हणत असेल तर ते जुन्या पद्धतीचे. महाराष्ट्रात दहावीची पहिली एसएससी परीक्षा १९७५ ला झाली. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. जुन्या दाखल्यांवर १ जून ही तारीख भरमसाट दिसते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती टाकून दिलेली असे. वयही अंदाजाने लिहिलेलं. तेव्हा दाखल्यापेक्षा "कोणाच्या पाठचा कोण, आणि मध्ये किती वर्षं" हे आईकडून, आत्याकडून विचारून घ्या.

धोंड्याच्या महिन्यात जावई जेवायला आले तेव्हाची गंमत असेल, तर अधिक मास शोधून वर्ष मिळतं. अधिक श्रावण २००४ आणि २०२३ मध्ये होता. सणाची आठवण असेल आणि वर्ष कळलं असेल तर जुन्या पंचांगावरून दिवसही निघतो. तरीही जिथे जुळलं नाही तिथे "साधारण १९७८ ते १९८० च्या दरम्यान" असं लिहून पुढे जा. गमतीला अचूक तारखेची गरज नसते, पुढच्या वाचणाऱ्याला फक्त काळ कळायला हवा.

फोटो आणि कॅसेट

जुना फोटो हातात दिला की आठवणी निघतात, म्हणून बैठकीला अल्बम न्याच. फोटोत काय शोधायचं? दिवाळीचा फोटो असेल तर कपडे पाहा. एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे शर्ट आणि फ्रॉक शिवलेले असायचे, उरलेल्या तुकड्याचा उशीचा अभ्रा मागे पलंगावर दिसतो. शिवणारे कोण, माप घेताना "वाढत्या अंगाचं" म्हणजे किती इंच वाढवायचे, आणि तो शर्ट पुढे कोणाकोणाकडे उतरला, एवढं विचारलंत तरी पानभर मजकूर होतो. कडेला उभं राहून तोंड फिरवलेलं मूल असेल तर ते का रुसलं होतं, हे नक्की विचारा.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकट खिडकीजवळच्या उजेडात सरळ वरून फोटो काढा. सुटे फोटो स्कॅन करायचे तर पोस्टकार्डाएवढ्या किंवा लहान फोटोंसाठी ६०० डीपीआय ठेवा. मागे नावं लिहायला मऊ पेन्सिल वापरा, बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, एरवी फोटो आक्रसून जातो. घरात जुनी कॅसेट सापडली, आजोबांच्या आवाजातली किंवा लहानपणी टेपसमोर म्हटलेल्या कवितांची, तर वाजवण्याआधी तिच्या वरच्या कडेची दोन्ही टोकांची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाका. म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही.

लिहिणे

इथे बहुतेकांचं लेखन सपाट होतं. ऐकताना पोट धरून हसलेली गोष्ट कागदावर अशी उतरते: "उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर वाळवण राखायला बसायचो. आम्ही गुपचूप कुरडया खायचो. आजी रागवायची. खूप मजा यायची." यात खोटं काही नाही, पण हे कोणाच्याही घरचं असू शकतं.

आता तीच गोष्ट, सांगणाऱ्याकडून तपशील घेऊन:

"गहू तीन दिवस भिजायचा, तेव्हापासून आमची राखण सुरू. चीक शिजला की वाटी-वाटी सगळ्यांना. मग कुरडया घालून झाल्या की मधल्याला काठी देऊन गच्चीवर बसवायचं, डोक्यावर ओला पंचा. संध्याकाळी आजी वर आली आणि तिनं ओळी मोजल्या. दोन ओळी कमी. 'कावळे आले होते गं,' मधला म्हणाला. आजी काही बोलली नाही. तिनं त्याचा खिसा उलटा केला. 'कावळ्यानं तुझ्या खिशात संसार मांडलाय वाटतं,' म्हणाली आणि खिशातल्या अर्ध्या ओल्या कुरडया त्यालाच खायला लावल्या, सगळ्यांच्या देखत, एकही उरू न देता."

बदल काय झाला ते पाहा. एकच दिवस निवडला, "आम्ही करायचो" हे रोजचं सोडून दिलं. खाणं, वस्तू, जागा नावानिशी आली. आजीचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. "आजी रागवायची" हे न सांगता तिनं काय केलं ते सांगितलं. आणि हसू आलं तिथे थांबलं. पुढे "असं आमचं बालपण होतं" हे जोडलं असतं तर सगळं विरलं असतं.

बोली सरळ करू नका. आजी "काय रं पोरा" म्हणत असेल तर तेच लिहा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कोल्हापुरी, जी असेल ती. तुमचा मजकूर प्रमाण मराठीत चालेल, पण माणसांचं बोलणं त्यांच्याच तोंडचं हवं. एखादा शब्द नातवंडांना कळणार नाही असं वाटलं तर पुढच्या वाक्यात वस्तूचा उपयोग दाखवा. 'वळकटी' म्हणून थांबण्याऐवजी ती कोण गुंडाळायचं आणि तिच्यावर बसून घोडा-घोडा कोण खेळायचं ते लिहिलं की शब्द आपोआप कळतो.

जिथे दोन भावंडांचं जुळलं नाही तिथे दोन्ही कथा एकाखाली एक द्या. "दादाच्या मते विहिरीत चप्पल वहिनीच्या बहिणीची पडली. माईच्या मते ती पडली नाही, दादानं टाकली." वाचणाऱ्याला ते भांडण फार आवडतं.

लांबी आवरा. एक गमतीची गोष्ट सहसा दीडशे-दोनशे शब्दांत बसते. ती मोठी होत असेल तर तिच्यात दोन गोष्टी अडकलेल्या असतात. वेगळ्या करा.

काय छापू नये

घरात हसण्यावारी नेलेल्या सगळ्याच गोष्टी ज्याच्यावर हसलं गेलं त्याला गमतीच्या वाटलेल्या नसतात. रंगावरून, जाडीवरून, तोतरेपणावरून पडलेली नावं, नापास झाल्यावरची फजिती, अंथरूण ओलं होण्याचे किस्से. कसोटी सोपी आहे. ती गोष्ट सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण सांगतं? ज्याची फजिती झाली तोच रंगवून सांगत असेल तर खुशाल घ्या. दुसरे सांगतात आणि तो नुसता हसल्यासारखं करतो, तर गाळा. शंका असेल तर लिहिलेलं पान त्याला एकट्याला वाचून दाखवा आणि चेहरा पाहा. गेलेल्या माणसांच्या बाबतीत त्यांच्या मुलांना विचारा. आई-वडिलांच्या माराबद्दलही जपून लिहा. काही घरांत तो दोन धपाट्यांवर संपला, काहींत तसा नव्हता, आणि भावंडांनाही तो सारखा आठवत नाही.

प्रती आणि वाटप

मूळ रेकॉर्डिंग कापू-जोडू नका, कामासाठी त्याची प्रत वापरा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग माणूस, मग विषय लिहा. तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. सगळ्या एकाच घरात, एकाच कपाटात असल्या तर त्या तीन धरता येत नाहीत.

लिहून झालेलं एकदम छापायला देऊ नका. साध्या कागदावर मोठ्या अक्षरात प्रिंट काढा, टाइप १६ तरी हवा, म्हणजे मावशींना चष्मा वर-खाली करावा लागणार नाही. कागदाची एकच बाजू छापा आणि डावा समास चांगला रुंद सोडा. गणपतीत किंवा दिवाळीत सगळे जमतात तेव्हा मोठ्यानं वाचा, आणि प्रत्येकाच्या हातात त्याची प्रत आणि एक पेन द्या. कुणी "हे असं नव्हतंच" म्हणालं की त्याला ते तिथल्या तिथे, स्वतःच्या अक्षरात समासात लिहायला सांगा. ती पानं गोळा करून घ्या आणि मगच छपाईची प्रत तयार करा.